एक ग्रॅम नवसागर

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, उरकली, कानामागचा रंग अजून निघायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच भाच्याचा फोन. "मामा, समुद्री माशांची टाकी भरून तीन दिवस झाले. पाणी एकदम क्लियर आहे. संध्याकाळी मासे घेऊन येऊ ना?"

"अमोनिया मोजलास?"

"दुकानवाले भिया म्हणाले, डाल दो, कुछ नी होता."

हे 'कुछ नी होता' मीही बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका काउंटरपाशी ऐकलं होतं. टाकी भरल्याच्या चौथ्या दिवशी तीन निळे डॅमसेल आणून सोडले. दुसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वरच्या थराला येऊन भराभरा कल्ले हलवायला लागले. मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून आणखी खायला टाकलं. त्याहून वाईट मला काही करता आलं नसतं. आठवड्याभरात एकच उरला, आणि पाणी शेवटपर्यंत आरशासारखं स्वच्छ होतं.

भाच्याला मी मासे आणू दिले नाहीत. त्याऐवजी सियागंजच्या बाजारात पाठवून एक ग्रॅम नवसागर लागेल म्हणून छोटी बाटली आणायला सांगितली. कशासाठी, ते पुढे येतंच. आधी पाण्याचं बघू.

इंदूरहून मुंबईचा समुद्र रस्त्यानं जवळपास सहाशे किलोमीटर. आपल्या नळाला येतं ते नर्मदेचं पाणी, 1978 पासून, सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणलेलं. तसंच वाहू दिलं असतं तर भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात जाऊन ते आपलं आपण खारं झालं असतं. आपण त्याला वाटेत अडवून लोकमान्यनगरच्या दुसऱ्या मजल्यावर खारं करतो, एवढंच. मात्र नळाचं पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, आणि जमिनीतून आलेले क्षार, नायट्रेट, सिलिका हे सगळं पुढे शेवाळाला खत म्हणून उपयोगी पडतं. घरच्या आरओचं पाणी मोजून बघा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, चाळीस-पन्नास दिसतो. टाकीसाठी तो शून्याच्या जवळ हवा, म्हणून आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचं एक नळकांडं जोडावं लागतं.

मीठही स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी साधारण 85 टक्के आपलं नेहमीचं मीठच असतं हे खरं, पण उरलेल्या पंधरा टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट अशी मंडळी बसलेली असतात, आणि पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास धरून ठेवण्यात त्यांचाच हात असतो. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठच घ्यायचं. प्रमाण लिटरला 35 ग्रॅम. ते वेगळ्या ड्रममध्ये, आत पंप फिरता ठेवून, रात्रभर विरघळवायचं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. मिठावर पाणी ओतलं की कॅल्शियमची पांढरी साय तळाला बसते, आणि ती मग कशानंच विरघळत नाही.

भाच्याची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबानं सुमारे 190 लिटर, पण दगड आणि रेती जाऊन प्रत्यक्ष पाणी 150 लिटर धरा. नवशिक्यानं याहून लहान टाकी घेऊ नये असं माझं मत आहे. लोक म्हणतात, आधी छोटी घेऊन हात बसवतो. पण तीस लिटरच्या टाकीत एक दाणा जास्त पडला तरी संध्याकाळी त्याची शिक्षा मिळते. मोठं पाणी चुका पोटात घालतं.

आता नवसागर. मासा खातो, आणि त्याच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेला खाऊ कुजतो, त्यातूनही अमोनियाच. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक अमोनियम, बऱ्यापैकी निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएचवर ठरतं. पीएच 7 च्या गोड्या पाण्यात शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग मोकळा असतो. समुद्राच्या 8.2 ला तोच सात-आठ भागांवर जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत पंधरापट विष. "आमचे गोल्डफिश पहिल्या दिवसापासून मजेत आहेत" असं सांगणाऱ्याचा अनुभव इथं फसतो तो यामुळे.

या अमोनियाचा बंदोबस्त करतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडं साचलं तरी मासे सहन करतात, आणि पाणी बदललं की ते निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. दगड, रेती, फिल्टरचा स्पंज, जिथं टेकायला जागा मिळेल तिथं थर करून राहतात. टाकी नवी म्हणजे हा थरच नाही.

विरजण लावल्यासारखं आहे हे. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही नाही, आणि दर तासाला झाकण काढून ढवळलं तर लागतही नाही. फरक वेळेचा. दह्यातले जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, यांना त्यासाठी एक दिवसही लागतो. म्हणून दही रात्रीत लागतं आणि टाकीला चार ते सहा आठवडे.

एवढे दिवस त्यांना उपाशी ठेवून चालणार नाही. पूर्वी त्यांच्या खाण्यासाठी म्हणून मुद्दाम एखादा काटक डॅमसेल सोडायची पद्धत होती. तो जगलाच तर टाकीचा दादा होऊन बसतो आणि नंतर आणलेल्या प्रत्येकाला धुतो. माझा उरलेला एकटा अगदी असाच निघाला. त्यापेक्षा अमोनिया थेट बाटलीतून द्यावा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला आठवतो ना? भात्यावर तापवलेल्या पातेल्यात चिमूटभर पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाक चुरचुरायचं, आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथील पसरायचा. तोच नवसागर. शब्दाची व्युत्पत्ती काही का असेना, नवा सागर सुरू करायला नवसागरच लागावा, याची मला दरवेळी गंमत वाटते. फक्त कल्हईचा मळकट खडा घेऊ नका, रसायनांच्या दुकानातून शुद्ध माल घ्या. 150 लिटरमध्ये एक ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे 2 पीपीएम होतो, म्हणजे दहा लाखांत दोन भाग. मासे आत असताना मात्र हा प्रयोग चुकूनही करायचा नाही.

भाच्यानं वही केली. पहिले दहा दिवस अमोनिया दोनवर ठाण मांडून. रोज फोन, "मामा, काहीच होत नाहीये." बाराव्या दिवशी एक, सतराव्याला पाव, आणि नायट्राइटची परीक्षानळी जांभळी गर्द, म्हणजे नायट्राइट भरपूर. मग ती जांभळी काही केल्या फिकी पडेना. इथं लोक कंटाळतात. चौतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. तरी मी त्याला रात्री पुन्हा एक ग्रॅम टाकायला लावला. दुसऱ्या रात्री मोजलं, पुन्हा दोन्ही शून्य. आदल्या दिवशीचं विष चोवीस तासांत पचवणारी टाकी आता तयार झाली होती. तरी एवढ्या सगळ्या अमोनियाचं नायट्रेट होऊन बसलेलं असतं, म्हणून निम्मं पाणी बदललं. बाजारात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात, त्यांनी दिवस कमी होतात. पण वैशाखात कुरिअरच्या टेम्पोत तापून आलेल्या बाटलीत जिवंत किती उरले असतील, याची शंका घ्यायला जागा आहे.

मधल्या काळात दगड-रेतीवर तपकिरी थर चढला. ताई म्हणाली, "मासे नाहीत, काही नाही, नुसती घाण जमवून ठेवली आहे दिवाणखान्यात." तो थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टाकीत सिलिकावर वाढतो आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. घासूनपुसून टाकी लख्ख करायच्या नादात जिवाणूंचा थरही जातो. ताईला तेवढे दिवस पडदा लावायला सांगितला.

दगडांवरून एक महत्त्वाची गोष्ट. परदेशी व्हिडिओ बघून लोक प्रवाळाचा खडक शोधत फिरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ आणि समुद्री घोडे 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पकडणं, विकणं, बाळगणं, सगळाच गुन्हा. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यातच येतो. कुणी काउंटरखालून काढून दाखवला तरी हात लावू नका. कृत्रिम सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात. जिवाणूंना त्यातली भोकं पुरतात, आणि त्यांना दगडाच्या वंशावळीशी काही देणंघेणं नसतं.

पहिला मासा कुठला, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची छोटी जोडी. तमिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे देशात वाढवलेले मासे मिळू शकतात. ते काचेतच वाढलेले असतात आणि दाणे खायला शिकलेले असतात. समुद्रातून पकडलेल्या माशाचं तसं नसतं. आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून, गुंगी आणून मासे पकडतात. असा मासा दुकानात झकास दिसतो आणि घरी आल्यावर कारण न सांगता जातो. क्लाउनफिशला समुद्रफूल (सी ॲनिमोन) लागतंच, हाही गैरसमज आहे. नव्या टाकीत समुद्रफूलच आधी मरतं आणि सडून सगळ्यांना घेऊन जातं. नर-मादी निवडायची गरज नाही. सगळे पिल्लू असताना नरच असतात. दोघांतला मोठा, दांडगा पुढे मादी होतो.

टाळायच्या माशांपैकी दोनच सांगतो, कारण नेमके तेच सगळ्यांना हवे असतात. निळा टँग दुकानात दोन इंचांचा असतो, पण वाढून फूटभर होऊ शकतो. तीन फुटांची टाकी त्याला खोली नसून कोठडी आहे. मँडरिन हा रंगांची उधळण केलेला चिमुकला मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत जगतो. नव्या टाकीत कोपेपॉड नसतात, दाण्यांकडे तो बहुतेक ढुंकूनही बघत नाही, आणि डोळ्यांदेखत झुरून मरतो.

दुकानात एक परीक्षा नक्की घ्या. मालकाला म्हणायचं, माझ्यासमोर याला खायला घाला. झडप घालून खाणारा मासा घ्यायचा. कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला, कितीही स्वस्त असला तरी नाही. "आत्ताच खाल्लंय त्यानं" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

मासा घरी आणण्याच्या वेळेपर्यंत कैरीचे दिवस आले होते, म्हणून भाच्याला ताईच्याच स्वयंपाकघरात समजावलं. लोणच्यासाठी फोडींना मीठ लावलं की तासाभरात पाणी सुटतं. बाहेर खारट, आत कमी, म्हणून पाणी बाहेर. समुद्रातला मासा म्हणजे तशीच फोड. त्याच्या रक्तातला खारेपणा समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश असतो, त्यामुळे अंगातलं पाणी सतत सुटत राहतं. पाण्यात राहून तो तहानलेला असतो. तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींकडून बाहेर फेकतो. या कामात त्याची बरीच शक्ती जाते. प्रवासानं खचलेल्या माशाला एकदम जास्त खाऱ्या पाण्यात टाकलं तर फोडीचं होतं तेच त्याचं होतं. आणि दुकानांत पाणी बहुतेकदा कमी खारं ठेवलेलं असतं, मीठ वाचतं म्हणून आणि परजीवी दबून राहतात म्हणून. समुद्राचं सापेक्ष घनत्व 1.025, दुकानात सर्रास 1.018 ते 1.020. म्हणून आधीच विचारायचं, आणि घरी मासा ज्या टाकीत उतरणार तिचं पाणी तेवढंच खारं करून ठेवायचं. पुढे चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवायचं.

पिशवीचीही एक मेख आहे. चेन्नईहून किंवा मुंबईहून बंद पिशवीत चोवीस तास आलेल्या माशानं आत अमोनिया साठवलेला असतो. पण त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइडही साठून पीएच खाली आलेला असतो, त्यामुळे अमोनिया अमोनियमच्या रूपात गप्प पडून असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, आणि तो अमोनिया जागा होतो. अशा वेळी पिशवीचं तोंड उघडं ठेवून दोन तास थेंबथेंब नवं पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला विषात भिजत ठेवणं. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा, तापमान जुळेल. मग उघडा, मासा हलक्या हातानं उचला आणि जुळवून ठेवलेल्या पाण्यात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. दिवे बंद. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तरी काळजी नको.

मी 'उतरणार ती टाकी' म्हणालो, कारण मासा आधी मुख्य टाकीत जातच नाही. चाळीस-पन्नास लिटरची रिकामी काच, लपायला प्लंबरकडून आणलेले पीव्हीसीचे दोन तुकडे, एक हीटर, आणि एक स्पंज फिल्टर. हा स्पंज मुख्य टाकी तयार होत असताना तिच्यातच ठेवलेला असला की जिवाणूंसह आयता मिळतो. इथं चार आठवडे. एवढं कशासाठी, तर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी माशाच्या कातडीत आठवडाभर राहतो, मग गळून पडतो आणि दगडा-रेतीवर कवच करून बसतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असं आपल्याला वाटतं त्याच वेळी खाली त्याची पिलावळ तयार होत असते. कवचं काही दिवसांत फुटतात, काही दहा आठवड्यांनीही. त्यावर चालणारं तांब्याचं औषध शंख, खेकडे, कोळंबी यांना मारतं आणि दगडांत मुरतं, म्हणून मुख्य टाकीत देता येत नाही. तिथं हा रोग शिरला तर सगळे मासे काढून टाकी अडीच महिने माशांविना चालवावी लागते. चार आठवडे त्यापुढे काहीच नाहीत. तांबं दिलेला स्पंज मात्र परत मुख्य टाकीत नेऊ नका.

आणि मे महिना. टाकीला तापमान 25 ते 27 अंश लागतं, बाहेर बेचाळीस. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी असतो. चिलर महाग. पण माळव्याचा कोरडा उन्हाळा इथं कामी येतो. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात. खोलीतल्या कूलरचंच तत्त्व. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय कूलरसारखाच लंगडा पडतो, पण तोवर उन्हाळा सरलेला असतो.

पंख्याची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. भाच्याच्या टाकीतून रोज तीन लिटर उडत होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पाच दिवस लक्ष दिलं नाही तर 150 चे 135 लिटर होतात आणि लिटरमागचे 35 ग्रॅम 39 वर जातात. काचेवर मार्करनं रेघ मारून रोज सकाळी रेघेपर्यंत गोडं आरओ पाणी घालायचं. इथं लोक हमखास चुकतात आणि खारं पाणी घालतात. खारं पाणी फक्त आठवड्याच्या बदलीला, दहा-पंधरा टक्के.

वीज गेली तर हीटर-दिव्यांची फिकीर नको, पाणी हलतं राहिलं पाहिजे. लाटेचा पंप इन्व्हर्टरवर टाकून द्या, दहा-पंधरा वॉटच खातो. नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप.

तिसरा मासा जोडी मुख्य टाकीत रुळल्यानंतर, आणि त्यालाही क्वारंटाइनचे चार आठवडे. प्रत्येक नव्या माशामागे जिवाणूंनाही वाढायला वेळ द्यावा लागतो. या टाकीला चार, फार तर पाच छोटे मासे पुरेत. भांडकुदळ असेल तो सर्वांत शेवटी.

जोडी मुख्य टाकीत सोडली त्या रात्री साडेअकराला फोन वाजला. भाचा कुजबुजत होता, "मामा, एक जण आडवा पडलाय. वरच्या कोपऱ्यात. टॉर्च मारून बघितलं, नुसता डुलतोय."

"दुसरा?"

"तो पण तसाच."

"कल्ले संथ हलतायत?"

थोडा वेळ शांतता. "हो. संथ."

क्लाउनफिश असेच झोपतात, कोपरा धरून, कलते होऊन. मी म्हटलं, टॉर्च बंद कर, त्यांना झोपू दे, आणि तूही झोप.